नारळ पस्तीसला एक: रेसिफेच्या बाजारातली पाच मुलं आणि त्यांची दोन गुणपत्रकं

"व्यवहाराला पक्का आहे हो, पण अभ्यासात डोकं नाही." पालकसभेत हे वाक्य एकदाही कानावर आलं नाही असा शिक्षक सापडणं कठीण. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा मायाच असते. मागे पडलेल्या मुलाबद्दल चार शब्द चांगले बोलावेत, एवढाच हेतू. पण या वाक्यात एक गृहीतक गुपचूप बसलेलं आहे: मुलाला जणू दोन डोकी आहेत, एक बाजारात चालणारं आणि दुसरं वर्गात बंद पडणारं. हे गृहीतक कुणी तपासून पाहिलंय का? पाहिलंय, आणि तेही साध्या पद्धतीने. एकाच मुलाला, एकाच माणसाने, तेच आकडे दोनदा विचारले. एकदा ठेल्यावर, एकदा कागदावर.

ही गोष्ट ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या रेसिफे शहरातली, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची.

ठेल्यामागची मुलं

रेसिफे ही पेर्नांबुको राज्याची राजधानी. शहराच्या पाठीमागे आत आत गेलं की कोरडा, दुष्काळी मुलूख लागतो. तिथून पोटासाठी माणसं वर्षानुवर्षं शहरात येत राहिली. वडील मिळेल ती मजुरी करतात, आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जाते किंवा रस्त्यावर काहीबाही विकते. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की आईबापांच्या धंद्यात हाताशी येतं. आणखी थोडं मोठं झालं की भाजलेले शेंगदाणे, लाह्या, मक्याची कणसं असं काही स्वतंत्रपणे विकू लागतं. आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या पुढ्यात मांडून बसलेली पोरं आपणही पाहिलेली असल्याने हे चित्र आपल्याला परकं वाटणार नाही.

ही मुलं शाळेतही जात होती आणि बहुतेक गणितात नापास होत होती. त्याचं स्पष्टीकरण त्या काळी तयारच होतं: घरात पुस्तकं नाहीत, बोलण्याचं वातावरण नाही, त्यामुळे अमूर्त विचाराची कुवत कमी पडते. गरिबीवर असं शास्त्रीय पांघरूण घातलं की शाळेला काही करावं लागत नाही.

पेर्नांबुकोच्या केंद्रीय विद्यापीठातल्या तीन मानसशास्त्रज्ञांना हे पटत नव्हतं: तेरेझिन्या नुनेस (तेव्हाच्या नुनेस काराएर), डेव्हिड काराएर आणि अनालूसिया श्लीमान. त्यांचा प्रश्न बाळबोध होता. मुलाला हिशेब येत नसेल, तर ठेला चालतो कसा? संध्याकाळी गल्ल्यात खोट का येत नाही?

त्यांनी पाच मुलं घेतली, चार मुलगे आणि एक मुलगी. वय ९ ते १५, शाळेत घालवलेली वर्षं एक ते आठ.

गिऱ्हाईक होऊन

पहिल्या भागात परीक्षा आहे हे वाटूच दिलं नाही. संशोधक बाजारात गेले आणि गिऱ्हाइकासारखे विचारू लागले: हे केवढ्याला, एवढे घेतले तर किती, ही नोट घे, परत किती देशील? कधी खरंच विकत घेतलं, कधी नुसतंच विचारलं. असे एकूण ६३ प्रश्न झाले.

त्यातला एक संवाद पुढे गणित-शिक्षणाच्या अभ्यासात जगभर सांगितला गेला. बारा वर्षांचा मुलगा, तिसरीत शिकणारा, नारळ विकतोय. एक नारळ ३५ क्रुझेरोला (हे ब्राझीलचं तेव्हाचं चलन). गिऱ्हाईक म्हणतं, दहा दे, किती झाले? मुलगा थांबतो. मग म्हणतो: तीनचे १०५, आणखी तीन घेतले की २१०. पुन्हा थांबतो. अजून चार हवेत. म्हणजे… ३१५… मला वाटतं ३५०.

वर्गात हेच गणित अर्ध्या सेकंदाचं आहे. दहाने गुणायचं, पुढे शून्य लावायचं, झालं. त्यामुळे वरवर पाहिलं तर मुलगा उगाच लांबून वळसा घालतोय असं वाटतं, "याला दहाने गुणतासुद्धा येत नाही" असा शेराही मिळू शकतो. पण त्याने केलं काय ते नीट बघा. तीन नारळांची किंमत त्याला बहुधा तोंडपाठ आहे, तीन नारळ घेणारी गिऱ्हाइकं रोजची असणार. म्हणून १०५ ही त्याच्या हातातली तयार रक्कम. दहाची त्याने फोड केली तीन, तीन, तीन आणि एक अशी. प्रत्येक टप्प्याला किती नारळ झाले आणि किती उरले याचा माग ठेवला, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला पैशांची बेरीजही चालू ठेवली. गुणाकार म्हणजे सारख्या गटांची बेरीज, आणि ते गट सोयीप्रमाणे फोडले तरी उत्तर बदलत नाही, ही वितरणाच्या नियमामागची समज त्याच्याकडे आहे. नियमाचं नाव तेवढं माहीत नाही. शून्य लावणाऱ्या मुलाकडे ही समज असेल किंवा नसेलही. शून्य लावण्यावरून ते कळत नाही.

बाजारातल्या या प्रश्नांपैकी ९८.२ टक्के उत्तरं बरोबर आली.

तेच आकडे, कागदावर

सुमारे आठवडाभराने त्याच संशोधकाने त्याच मुलाला पुन्हा गाठलं. या वेळी समोर कागद आणि पेन्सिल. गणितं बाहेरून आणलेली नव्हती. त्या त्या मुलाने बाजारात सोडवलेल्या हिशेबांमधूनच ती तयार केली होती. काही नुसती आकडेमोड, काही शाब्दिक उदाहरणं. सगळी मिळून ९९.

शाब्दिक उदाहरणांत ७३.७ टक्के बरोबर. नुसत्या आकडेमोडीत ३६.८ टक्के.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बाजारातला प्रश्न आधी झालेला होता, म्हणजे सरावाचा फायदा मिळायचाच असेल तर तो कागदालाच मिळायला हवा होता. घडलं उलटंच. या तिघांनी १९८२ मध्ये पोर्तुगीजमध्ये हे काम मांडलं तेव्हा लेखाला नाव दिलं "जगण्यात दहा, शाळेत शून्य". दहापैकी गुण देण्याची पद्धत असलेल्या देशात याहून नेमकं गुणपत्रक कुठलं असणार? इंग्रजीतला शोधनिबंध १९८५ मध्ये एका ब्रिटिश मानसशास्त्रीय नियतकालिकात आला आणि मग हे प्रकरण सर्वदूर गेलं.

पण टक्क्यांवर थांबलं तर या प्रकरणातला निम्मा ऐवज हातातून जातो. खरं काय ते चुकांमध्ये आहे.

नारळवाल्या त्याच मुलाला बाजारात चार नारळांची किंमत विचारली होती. तो म्हणाला: एकशे पाच, अधिक तीस, एकशे पस्तीस… नारळ पस्तीसला एक… म्हणजे एकशे चाळीस. कागदावर ३५ गुणिले ४ आलं तेव्हा तो मोठ्याने बोलत गेला: चार पाचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं २००.

नऊ वर्षांच्या मुलीने तीन नारळ चाळीसच्या भावाने विकताना "चाळीस, ऐंशी, एकशे वीस" असं सहज म्हटलं होतं. कागदावर ४० गुणिले ३ चं उत्तर ७०. का? "शून्य खाली उतरवलं, चार आणि तीन सात." बारा लिंबांचे पैसे तिने दोन-दोन लिंबं बाजूला काढत दहा, वीस, तीस करत साठपर्यंत बिनचूक मोजले होते. कागदावर १२ गुणिले ५ करताना आधी २ खाली उतरवला, मग ५, मग १, आणि १५२ झाले. परीक्षक चकित झाला, तिने मात्र आपली रीत त्याला शांतपणे समजावून सांगितली.

अकरा वर्षांच्या मुलाची कहाणी आणखी बोलकी आहे. कलिंगड ५० ला किलो. सहा किलोचे किती? न थबकता, ३००. एवढ्या लवकर कसं काढलंस? "एकेक मोजून. दोन किलोचे शंभर. दोनशे. तीनशे." नंतर त्याच आकड्यांवर बेतलेलं, मासे पकडणाऱ्या दोन कोळ्यांचं शाब्दिक उदाहरण त्याला दिलं. पहिल्याने ५० मासे पकडले, दुसऱ्याने त्याच्या काही पट. मुलाने कागदावर ५० गुणिले ६ मांडलं, ३६० लिहिलं आणि तोंडाने उत्तर सांगितलं ३६. पुन्हा करायला सांगितलं तेव्हा ८६० लिहिलं, तोंडी ८६.

कलिंगडांच्या हिशेबात या मुलाकडून तीनशेच्या जागी शहाऐंशी कधीच झाले नसते. तोटा झाला असता, घरी बोलणी बसली असती. कागदावर मात्र ८६ हे उत्तर त्याला खटकत नाही. तिथला ५० हा पन्नास उरतच नाही. तो एक पाच आणि एक शून्य असतो, आणि दोघांचं काय करायचं याच्या सूचना अर्धवट आठवत असतात: काहीतरी उतरवायचं, काहीतरी हातचं धरायचं, कुठेतरी मिळवायचं.

उभ्या मांडणीची हीच मेख आहे. ती एककाकडून सुरू होते, लहान अंकाकडून मोठ्याकडे जाते, आणि वाटेत प्रत्येक अंकाला त्याची किंमत विसरायला लावते. ती पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. मोठ्या आकड्यांना तिच्याशिवाय गत्यंतर नाही. तिची ताकदच यात आहे की डोकं न लावता ती चालते. फक्त डोकं न लावता चालणारी गोष्ट चुकली की ती डोक्याला कळत नाही. तोंडी हिशेब करणारा मोठ्या रकमेपासून सुरुवात करतो आणि रकमेचा आकार शेवटपर्यंत डोळ्यांसमोर ठेवतो. त्याची चूक झाली तरी दोन-पाचची होते. १४० चे २०० होत नाहीत.

शंका घेणाऱ्यांसाठी

पाच मुलांवरून एवढं बोलावं का? शंका रास्त आहे. शिवाय बाजारात खरे पैसे असतात, खरे नारळ असतात, त्यानेच फरक पडत असेल.

त्याच तिघांनी १९८७ मध्ये याचा पुढचा तुकडा प्रसिद्ध केला. या वेळी रेसिफेतली तिसरीची १६ मुलं घेतली. एकाच तऱ्हेची गणितं तीन रूपांत दिली: खोटंखोटं दुकान मांडून, शाब्दिक उदाहरण म्हणून आणि नुसती आकडेमोड म्हणून. दुकान मांडलं की मुलं बहुतेकदा तोंडी सोडवत, नुसती आकडेमोड दिली की कागदाकडे वळत. मग त्यांनी तोंडी आणि लेखी अशी विभागणी करून पाहिलं, तेव्हा दुकान की पुस्तक हा फरकच पुसला गेला. उरला तो तोंडी आणि लेखी हाच. म्हणजे किमया नारळात नव्हती. एका मुलाने २५२ मधून ५७ असे वजा केले: ५२ काढले, २०० राहिले, अजून ५ काढायचे, १९५. मला हा निकाल मूळच्या निकालापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण "मुलांना खऱ्या आयुष्यातली उदाहरणं द्या" हा जो सोपा बोध पहिल्या अभ्यासातून काढला जातो, तो यामुळे अपुरा ठरतो. पुस्तकात नारळाचं चित्र छापून खाली पुन्हा उभी मांडणीच करायला लावली, तर चित्रकाराचं पोट भरेल एवढंच.

जेफ्री सॅक्स या अमेरिकन संशोधकाने याच शहरात गोळ्या-चॉकलेट विकणारी मुलं अभ्यासली, १९८८ मध्ये ते काम छापून आलं. त्या वर्षांत ब्राझीलमधली महागाई वर्षाला शंभर टक्क्यांच्याही वर गेलेली. मुलं घाऊक बाजारातून खोका घेत आणि किती गोळ्या किती नोटेला द्यायच्या हे दर काही दिवसांनी नव्याने ठरवत. शाळेचं तोंडही न पाहिलेली काही मुलं नोटेवरचा आकडा वाचू शकत नव्हती, पण नोट तिच्या रंगावरून आणि चित्रावरून अचूक ओळखत होती. आणि २०० ला एक विकणं फायद्याचं की ५०० ला तीन, हे गोळ्या न विकणाऱ्या मुलांपेक्षा ती जास्त चांगलं सांगत होती. हे गुणोत्तर आहे, आणि आपल्या अभ्यासक्रमात ते प्राथमिक शाळेच्या शेवटाकडे येतं.

कोलकाता, दिल्ली आणि उलटी बाजू

चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांचा अभ्यास "नेचर" या विज्ञान-नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुलं आणि तुलनेसाठी जवळच्या शाळांतली ४७१ मुलं. पाच मुलांवर नाक मुरडणाऱ्यांना आता आकडाही मोठा मिळाला. बाजारातली मुलं बटाटे इतके ग्रॅम, कांदे इतके किलो, दोन्हींचे भाव वेगळे, असले गुंतागुंतीचे व्यवहार मनात सोडवत होती. मुलांचं वाचन आणि गणित देशभर तपासणाऱ्या "असर"च्या पाहणीत असतो तसा तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचा प्रश्न मात्र त्यांतल्या ३२ टक्क्यांनाच जमला.

पण या अभ्यासाची दुसरी बाजू जास्त बोचरी आहे. शाळेतली, बाजारात काम न करणारी मुलं कागदावरच्या गणितात बरी होती. त्यांना बाजारातला प्रश्न दिला तेव्हा, काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिकांनी जो सोडवला, तो त्यांच्यापैकी जेमतेम एक टक्क्याला सुटला. म्हणजे बाजार आणि शाळा यांच्यातल्या पुलावरून दोन्हीकडून फारसं कुणी जात नव्हतं. "व्यवहाराला पक्का, अभ्यासात कच्चा" हे वाक्य आपण ज्या मुलाबद्दल बोलतो, त्याच्या बाकावरच्या शेजाऱ्याबद्दल उलटं करून बोललं पाहिजे. ते आपण बोलत नाही, कारण शेजाऱ्याचं गुणपत्रक चांगलं असतं.

आपल्याकडे एकेकाळी शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. तो बाजाराचा हिशेब होता आणि तो शाळेत शिकवला जात होता. ती पाठ करायला कुणाच्या मुलांना बसू देत आणि कुणाच्या नाही हे आठवलं की त्या काळाची ओढ जरा आवरावी लागते. तरी दोन्हींमधला पूल अशक्य नाही, याचा तो पुरावा आहेच.

मग बुद्धी किती प्रकारची?

रेसिफेचं काम चालू होतं त्याच सुमाराला, १९८३ मध्ये, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी बुद्धिमत्ता एक नसून अनेक आहेत हा सिद्धांत मांडला. तेव्हा सात प्रकार होते, पुढे निसर्गाशी निगडित आठवा आला. दुसरे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी व्यावहारिक बुद्धीला वेगळं स्थान दिलं. एका बुद्ध्यांकाच्या आकड्यावर मुलाचं भवितव्य ठरवण्याच्या सवयीला या मांडण्यांनी धक्का दिला, हे त्यांचं मोठं काम. प्रयोगांच्या कसोटीवर गार्डनर यांचे प्रकार खरंच एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, यावर मानसशास्त्रात आजही मतभेद आहेत.

माझी अडचण सिद्धांताशी नाही, त्याच्या चिकटपट्ट्यांशी आहे. आठ प्रकारांची यादी हातात आली की मूल ओळखण्याचं काम मुलाला कुठल्या तरी रकान्यात बसवण्यापाशी संपतं. याचं सर्वांत वाईट रूप म्हणजे बोटांच्या ठशांवरून मुलाची "बहुविध बुद्धिमत्ता" सांगणाऱ्या चाचण्या. महाराष्ट्रातल्या शहरांत त्या हजारो रुपये घेऊन केल्या जातात, रंगीत आलेखांचा जाडजूड अहवाल मिळतो. ठसे जन्माआधीच, गर्भात तयार होतात. त्यांवरून गणित किंवा संगीत सांगता येतं याला शास्त्रीय आधार नाही, आणि भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही तसं सांगितलं आहे.

नारळवाल्या मुलाला आता कुठला रकाना देणार? तर्क-गणिती द्यावा, तर कागदावर तो ३५ गुणिले ४ चे २०० करतो. व्यावहारिक द्यावा, तर १०५ आणि १०५ आणि १०५ आणि ३५ हे शुद्ध गणित आहे, व्यवहार फक्त निमित्ताला. एकच मुलगा, एकच मेंदू, तेच आकडे. बदलला तो प्रश्न विचारण्याचा मार्ग आणि उत्तर देण्याचं साधन. त्यामुळे या मुलात कुठल्या प्रकारची बुद्धी आहे यापेक्षा, ती दिसेल असं आपण काही विचारलं का, हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो.

याची दुसरी टोकाची बाजूही सांभाळली पाहिजे. रस्ता हीच खरी शाळा, म्हणून कौतुकाने मान डोलावणारे लोक असतात. नऊ वर्षांच्या मुलीने नारळ विकायला बसणं ही कौतुकाची गोष्ट नाही. आणि तोंडी हिशेबाला मर्यादा आहेत: ३५ गुणिले १० जमतं, पण कुणी एकदम पस्तीस नारळ दोनशे सदतीसच्या भावाने मागितले तर तो हिशेब डोक्यात मावत नाही. कर्जाचं व्याज, जमिनीचा नकाशा, औषधाचं प्रमाण, यांना कागद लागतोच. मुलाला कागद शिकवायचाच आहे. प्रश्न एवढाच आहे की त्याच्याकडे आधीपासून असलेलं गणित बाजूला सारून शिकवायचा, की त्यावर उभं राहून.

आपल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांमध्ये "तोंडीकाम" हा रकाना २०१० पासून आहे. गणितात तो बहुतेक ठिकाणी पाढे म्हणून घेण्यात खर्ची पडतो. त्याऐवजी तिथे तीनच प्रश्न पैशांत विचारता येतील, अडीचशेचा माल, पाचशेची नोट, अशा धर्तीचे. कागद न देता, घाई न करता. उत्तरापेक्षा "कसं काढलंस?" याचं मुलाने दिलेलं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. मग फळ्यावर डावीकडे त्याचं वाक्य: "५२ काढले, २०० राहिले, अजून ५ काढायचे." उजवीकडे तेच वजाबाकीच्या उभ्या मांडणीत. आणि वर्गाला विचारायचं, डावीकडचे ते २०० उजवीकडे कुठे गेले?